किती वरडू?

दादाने पेरूच्या बागेत भोंगा बांधलाय. भाजीवाले आणि भंगारवाले गाडीला अडकवतात तोच, लाल-पांढरा, पोटात मेमरी कार्ड घेणारा. राखणीला माणूस मिळेना, मिळालं तर परवडेना, म्हणून हा उपाय. आवाज भरलाय आत्तीचा, कारण आमच्या भावकीत तिच्याएवढा गळा कुणाचा नाही. 'हाऽऽऽ हाऽऽऽ, हुर्रऽऽऽ, ए राघूऽऽऽ' असं ती मिनिटभर ओरडते. पुतण्याने मोबाइलवर रेकॉर्ड करताना शेवट कापायचा कंटाळा केला. त्यामुळे ओरडून झालं की आत्तीला ठसका लागतो आणि मग अगदी चुलीपुढच्या आवाजात ती म्हणते, "बंद कर की आता. किती वरडू?" त्यानंतर थोडा वेळ सगळं चिडीचूप. परत हाऽऽऽ हाऽऽऽ. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत बाग एवढंच बोलते. रस्त्याने जाणारे ओळखीचे लोक सुरुवातीला गाडी थांबवून हसायचे. आता तेही हसत नाहीत.

दिवाळीनंतरचा रविवार होता. बांधावर चहा घेत बसलो होतो. समोरच्या सुबाभळीवर राघू येऊन बसले होते, पाल्यात मिसळून गेलेले, शेपटी हलली तरच दिसणारे. भोंग्यातली आत्ती जोरात होती तोवर ते जागचे हलले नाहीत. ठसका आला. 'बंद कर की आता' आलं. आणि 'किती वरडू'मधला 'डू' संपतोय न संपतोय तोच पहिले दोन खाली सुटले, त्यांच्यामागे बाकीचे. उडताना राघू जेवढा गलका करतो तेवढाच खाताना गप्प असतो. कानावर येत होता फक्त वाळक्या पाचोळ्यावर पडणाऱ्या चोथ्याचा आवाज, टप, टप. पुढचा हाऽऽऽ सुरू झाला तेव्हा माझ्यापासून दोन झाडांवर असलेल्या एकाने चावणं थांबवलं, पंजातला पेरूचा तुकडा तसाच धरून मान वाकडी केली, गोल पांढऱ्या कडेचा डोळा भोंग्याकडे रोखला आणि पुन्हा तुकडा फिरवून खायला लागला.

राघू धीट झाले याचं मला काही वाटलं नाही, ते होणारच होतं. पण आत्तीचं ते शेवटचं वाक्य त्यांना कळलं होतं, आणि त्याचा त्यांनी लावलेला अर्थ बरोबर होता, हे मनातून जाईना. दमलेल्या माणसाच्या राखणीत फट कुठे असते ते त्यांना माहीत झालं होतं.

आत्ती हे काम लहानपणी करायची. भोगावतीच्या खोऱ्यात, आमच्या गावात, तेव्हा आजच्याइतका ऊस नव्हता. पावसाळ्यात भात आणि भुईमूग, नंतर शाळू. शाळूचं कणीस दुधात आलं की रानात माळा उभा राहायचा, चार मेढी, वर फळ्या, डोक्यावर पाल्याची सावली. पाखरं तांबडं फुटताना येतात आणि उन्हं कलल्यावर परत येतात, म्हणून आत्ती अंधारात घरातून निघायची. जोंधळ्याची भाकरी, लाल चटणी, कांदा. गोफण तिची स्वतःची होती, अंबाडीच्या दोरीची, तिच्या हातभर मापाची. दगडाने कणसं मोडतात म्हणून ती ओढ्याकाठच्या चिकणमातीच्या गोळ्या करून वाळवायची. गोफण डोक्यावर गरगर फिरली की आधी घुंई घुंई, मग सुटलेल्या टोकाचा फट्ट असा आवाज, आणि मग गोळी. भोरड्यांचा थवा आला तर एकाच वेळी शेकड्याने उठायचा आणि दुसऱ्या कडेला जाऊन बसायचा. मग माळ्यावरून उतरून पळायचं. हे सांगताना ती हात वर करून मनगट फिरवून दाखवते आणि तेवढ्यापुरतं तिचं खांदेदुखीचं तुणतुणं थांबतं.

शाळूच्या दिवसांत शाळा बुडायची. बुडत बुडत चौथीत सुटलीच. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे कोल्हापुरात आम्ही भाषणात ऐकत वाढलो. आत्ती शाळेच्या वयाची झाली तोवर संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या आज्ज्याकडे रुपया मागायला कुणी आलं नाही. आज्जा वाईट नव्हता. पोरगी शाळेत गेली तर शाळू राघू खाणार आणि शाळू राघूंनी खाल्ला तर पोरगी काय खाणार, एवढाच त्याचा हिशोब होता. पुढे ही राखण मोडली तीही महाराजांच्याच दुसऱ्या कामामुळे. भोगावतीवर त्यांनी बांधायला घेतलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. उसात राघूला खायला काय आहे? माळे गेले, गोफणी आढ्याला लटकल्या. आत्तीच्या भाच्या, पुतण्या, नंतर नाती, सगळ्या शाळेत गेल्या. शाळा आणि पाणी, दोन्हींनी मिळून एका पिढीला माळ्यावरून खाली उतरवलं.

म्हणून जुन्या राखणीचं गुणगान कुणी करायला लागलं की माझ्या तोंडाला कुलूप बसतं. गोफणीची घुंई घुंई ऐकायला गोड आहे. ती फिरवणारा हात नऊ-दहा वर्षांचा होता.

खालचं रान उसात गेलं, पण माळावरच्या मुरमाड तुकड्यावर पाणी कमी, तिथे दादाने ठिबक करून सरदार पेरू लावले. आजूबाजूला जिकडे नजर जाईल तिकडे हिरवा ऊस आणि मध्ये ही एकच फळबाग. खोऱ्यातले सगळे राघू, साळुंक्या, बुलबुल आमच्याकडेच पंगतीला. रात्रपाळीला वटवाघळं. साळुंकी आणि बुलबुल पिकलेलं फळ कोरतात, ते एक वेळ सोसतं. राघू अर्धकच्चं फळ धरतो, दोन चावे घेतो, टाकतो, दुसऱ्यावर जातो. आज्जीच्या पिंजऱ्यातल्या मिठूला आम्ही पेरूच्या फोडी भरवायचो आणि त्याच्याच जातभाईंना रानात ढेकळं मारायचो, यात तेव्हा कुणाला विसंगती दिसली नव्हती. आता 1972 च्या वन्यजीव कायद्याने पिंजरा गेला हे बरंच झालं. ढेकळं राहिली.

आवाजाने पाखरं हाकलायचे आमच्या घरातले प्रयोग सांगायचे तर रात्र पुरणार नाही. भुईमूग होता तेव्हा पेरलेलं बी कावळे आणि मोर उकरायचे. त्यावर आम्ही कॅसेटच्या फिती ताणायचो, मध्ये एक पीळ देऊन, म्हणजे वारा लागला की फीत थरथरते आणि घोंघावते. आवाज भुंग्यासारखा, पण लांबट, वाऱ्याबरोबर चढणारा-उतरणारा. व्हिडिओ कॅसेटची फीत रुंद असते, ती जास्त बोलते, हे कळल्यावर काकाच्या लग्नाची अख्खी कॅसेट आम्ही शेंगांवर ताणली. वरात, अक्षता, जेवणावळ, सगळं पूर्व-पश्चिम चकाकत होतं. काकीने त्या वर्षी शेंगांना हात लावला नाही. नंतर जुन्या टेबलफॅनच्या मोटरला साखळी लावून स्टीलचं ताट बडवणारं यंत्र झालं, ते लोडशेडिंगने मारलं. रॉकेलचा डबा आणि दोरी हे त्याआधीचं, दोरीचं एक टोक थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत आणलेलं, येता-जाता ओढायला. आजरा-चंदगडकडच्या आमच्या पाहुण्यांना यातलं काही करावं लागत नाही. त्यांच्याकडे काजू आहे, आणि काजूच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं, त्यामुळे पाखरू बोंड खातं आणि बी खाली टाकतं. काजूला राखण लागते ती माणसांपासून.

मग पुतण्याने ऑनलाइन एक डबी मागवली. सौरऊर्जेवर चालणारी, अल्ट्रासॉनिक. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि पाखरं पळतात, असं खोक्यावर. बसवली. राघू तिच्या पट्टीवर बसून चोच घासायला लागले. आमचं कुत्रं मात्र बाग सोडून वस्तीवर गेलं आणि बोलावलं तरी येईना. कारण सोपं आहे. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याच्या पुढचं ते अल्ट्रासॉनिक. बहुतेक पाखरांचा कान 1,000 ते 4,000 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख असतो आणि वरच्या बाजूला आपल्या पुढे जात नाही. जे आपल्याला ऐकू येत नाही ते राघूलाही येत नाही. कुत्र्याला येतं. म्हणजे डबी खोटं बोलत नव्हती, फक्त चुकीच्या प्राण्याशी बोलत होती. ती काढली तेव्हा कुत्रं परत आलं आणि दादाने कुणाला काही न बोलता तिच्यातला सौर दिवा काढून गोठ्यात लावला.

पाखरांशी त्यांच्याच बोलीत बोलायचा प्रयत्न अमेरिकेत फार पूर्वी झालाय. पेनसिल्व्हेनियात ह्यूबर्ट फ्रिंग्ज आणि जोसेफ जंबर यांनी हातात धरलेल्या स्टार्लिंगचा आकांत ध्वनिमुद्रित केला आणि स्टार्लिंगचे थवे रात्री जिथे वस्तीला येत तिथे तो कर्ण्यावरून वाजवला. थवे उठून गेले. हे त्यांनी 1954 मध्ये छापलं. ही स्टार्लिंग म्हणजे आमच्या भोरडीची जवळची नातलग. तेव्हापासून पकडलेल्या पाखराचा आक्रोश, ससाणा दिसल्यावरची हाळी, असलं भरलेली यंत्रं द्राक्षांच्या, चेरीच्या बागांत लागतात. कॅलिफोर्नियात बदाम-पिस्त्यावर कावळे पडतात, ऑस्ट्रेलियात बदामावर काकाकुवे, तिथेही. नुसत्या धडाक्यापेक्षा हा आवाज जास्त दिवस चालतो, कारण त्याला पाखराच्या जगात अर्थ आहे. पण आकांत रोज त्याच खांबावरून, तेवढ्याच वेळाने ऐकू यायला लागला आणि खाली कधीच कुणी मेलेलं दिसलं नाही, की तोही विटतो.

हे काम पाखरं स्वतः आपल्यापेक्षा चांगलं करतात. आमच्या बागेवरच्या तारेवर कोतवाल बसतो, काळा, दुभंगल्या शेपटीचा, कावळ्याच्या मानगुटीवर बसायला न भिणारा. त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद कलहारीच्या वाळवंटात काय करतो ते संशोधकांनी 2014 मध्ये मांडलंय. तिथे सातभाईंच्या जातीची पाखरं आणि मुंगसासारखे मीरकॅट जमीन उकरून किडे काढतात. कोतवाल वरून बघत असतो. चांगला किडा निघाला की तो धोक्याची हाळी देतो, खाणारे तोंडातला घास टाकून पळतात आणि कोतवाल खाली येऊन घास उचलतो. तीच हाळी परत परत दिली की ते विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा कोतवाल हाळी बदलतो. दुसऱ्या पाखराची काढतो, कधी ज्याला फसवायचंय त्याच्याच जातीची. एका पाखराला जे कळतं ते आमच्या मेमरी कार्डात नव्हतं. आत एकच फाइल होती, आणि तीही ठसक्यासकट.

हे सगळं मी आत्तीला सांगितलं, फ्रिंग्ज, जंबर, कलहारी. ती शेंगा फोडत ऐकत होती. मग म्हणाली, "आवाजाला कोण भितंय रं? आवाजामागनं दगूड येतोय, त्याला भित्यात. मी नुसती वरडत न्हवतो, गोळी मारत हुतो. दहा डाव वरडलो तर येक डाव गोळी. पर ती कवा यायची, त्यास्नी कळू द्यायची न्हाई."

नियम म्हणून हे कुठल्याही कृषी पुस्तिकेत बसेल. आवाज आणि मार यांचा अधूनमधून मेळ घाला, वेळ ठरावीक ठेवू नका, यंत्राची जागा हलवत राहा, पाखरांना बागेची चटक लागायच्या आधी सुरू करा. आत्तीने हे माळ्यावर शिकलं, शाळेच्या बदल्यात. मी तिच्याकडे कौतुकाने बघावं की आज्ज्यावर चिडावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मोठा आवाज हा आणखी एक मोह. गॅसची तोफ परदेशातल्या बागांमधून सर्रास आहे, सिलिंडरला जोडलेली, ठरवलेल्या वेळाने धडाडणारी, जवळून 120 डेसिबलच्या वर जाणारी. तिच्यावरून तिकडेही शेजाऱ्यांत भांडणं होतात. आपल्याकडे तिचा गरीब चुलतभाऊ म्हणजे पाइप आणि कार्बाइडची बंदूक. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो, लायटरची ठिणगी दिली की स्फोट. वानरं, डुकरं, गवे हाकलायला ती रानोमाळ पोचली. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पोरांनी तीच खेळणं म्हणून फोडली आणि कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. पुतण्याने व्हिडिओ बघून पाइप कापून ठेवला होता. दादाने तो पाइप ठिबकाच्या कामी लावून टाकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या काटकसरीचं मनापासून कौतुक वाटलं.

आमच्या बागेच्या कडेला आता दोन बंगले झालेत. शहरातली माणसं, शनिवार-रविवार येतात, चांगली आहेत, पेरू विकत घेतात. त्यांच्यातल्या एकांनी दादाला मेसेज पाठवला की भोंग्याचा त्रास होतो, मुलं दचकतात. सोबत नियम. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. दादा म्हणाला, "दहानंतर वटवाघळं येत्यात, त्यास्नी बी नियम पाठवा की." पण त्याने भोंग्याचं तोंड फिरवलं. मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गणपतीच्या मिरवणुकीत आपण कोल्हापूरकर डॉल्बीपुढे बरगड्या हलेपर्यंत उभे राहतो, दुसऱ्या दिवशी कान बधिर झाले म्हणून अभिमानाने सांगतो, आणि एका म्हातारीचं 'ए राघूऽऽ' आपल्याला खुपतं. तरी मेसेज पाठवणाऱ्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. सकाळी सहाला तोच हाऽऽऽ, सात वाजता तोच, दुपारी झोप लागताना तोच. राघूंना सवय झाली, माणसाला होत नाही.

दादाचा जीव आता पिशव्यांवर आहे. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वरून पातळ पिशवी. फळमाशीही अडते, राघूही बऱ्यापैकी अडतो. गावातल्या बायकांना रोज मिळतो, फळ गुळगुळीत येतं, शाहू मार्केट यार्डात भाव बरा मिळतो. बाग मात्र बघवत नाही. प्रत्येक फांदीला पांढरी फुगीर पिशवी, आणि तोडा झाला की बांधावर पिशव्यांचा ढीग. वरून पूर्ण जाळी टाकायचा खर्च ऐकून दादा गप्प झाला. एका बागेत जाळीत गुरफटलेलं बुलबुल मी पाहिलं होतं, त्यामुळे मीही आग्रह केला नाही. शेवटच्या दोन ओळींना पिशव्या घालायच्या नाहीत असं वहिनीने ठरवलंय. कारण विचारलं तर म्हणते, पिशव्या संपल्या. पिशव्यांचा अख्खा बंडल खोलीत माळ्यावर आहे.

भोंगा राहिला, पण आत्तीच्या सांगण्यावरून. रोज सकाळी पुतण्या त्याची जागा बदलतो. कॉलेजला जायच्या आधी बागेत एक फेरी मारतो, आणि भोंगा ओरडत असताना झाडांच्या बुडात ढेकळं टाकतो. पाखराला लागणार नाहीत, पण काहीतरी ढासळल्याचा आवाज येईल अशी. मेमरी कार्डात आवाज वाढवायचे ठरले. दादा ओरडला, काका ओरडला. मला उभं केलं. मी हाऽऽऽ केल्यावर आत्ती कानावर हात ठेवून म्हणाली, "बँकेत बोलतोयास व्हय? ह्याला होलाबी उठायचा न्हाई." माझी फाइल पुसली गेली. आत्तीने आपल्या आवाजाची मजुरी मागितली, चेष्टेत सुरुवात झाली आणि रकमेवर येऊन थांबली. दादाने ती कबूल केली. बायकांच्या पिशव्या घालायच्या रोजाइतकी, तोडा चालू आहे तोवर.

सगळ्यात चालणारी फाइल मात्र ठरवून केलेली नाही. वहिनी पुतण्याला परीक्षेवरून झापत होती तेव्हा त्याचा मोबाइल चालू राहिला होता. त्यात आवाज चढतो, उतरतो, मध्येच थांबतो, पुन्हा नको तिथे सुरू होतो, भांडं आपटतं. गेले काही दिवस राघू ओढ्यापलीकडे आहेत. दादा म्हणतो ह्या फाइलमुळे. आत्ती म्हणते, झाडावर आता पेरू उरलाय कुठं. वहिनी रोज बागेत जाते, स्वतःचा आवाज ऐकते आणि विचारते, "ही कोण रं एवढी कजाग?"